ताटाची डावी बाजू

बाबांची डिस्चार्ज समरी साडेतीन पानांची होती. त्यात रक्तदाब होता, साखर होती, एमआरआयचा निष्कर्ष होता, मेंदूच्या उजव्या बाजूच्या मिडल सेरेब्रल आर्टरीचं नाव होतं. डाव्या हाताची ताकद पाचपैकी एक, डाव्या पायाची पाचपैकी दोन, असे आकडे होते. शेवटी एक ओळ होती : 'फिजिओथेरपी सुरू ठेवावी.' बाबांच्या जगातून डावी बाजूच गेली आहे, याबद्दल त्या साडेतीन पानांत एक अक्षर नव्हतं. ते आम्हाला चटणीने सांगितलं.

ठाण्याच्या हॉस्पिटलातून डोंबिवलीला घरी आल्यावर पहिल्या रविवारी आईने बाबांना नीट ताट वाढलं. आपल्याकडे ताटाची रचना ठरलेली. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. बाबांनी भाजी संपवली, आमटी संपवली, भाताच्या मुदीची उजवी बाजू सुरीने कापल्यासारखी संपवली आणि आईला विचारलं, "आज चटणी नाही केलीस?" चटणी समोर होती. लसणाची, त्यांच्या आवडीची. आई काही न बोलता वाकली आणि तिने ताट अर्धं फिरवलं. बाबा म्हणाले, "हां, ही आत्ता आणलीस."

आत्या आली होती. ती म्हणाली, "पहिल्यापासून हट्टीच आहे तो." शेजारचे काका म्हणाले, आता त्यांना लहान मूल समजायचं. आईचं म्हणणं तिसरंच होतं आणि ते तिने स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांच्या आवाजात सांगितलं. तिची खुर्ची पलंगाच्या डाव्या बाजूला होती, कारण उजवीकडे भिंत आणि कपाट. तिथून ती बोलली की बाबा उत्तर देत नसत, किंवा उजवीकडे कपाटाकडे बघून उत्तर देत. मी पायथ्याशी उजव्या बाजूला उभा राहून तोच प्रश्न विचारला की माझ्याशी नीट बोलत. "तेहतीस वर्षांत भांडण झालं तरी अबोला धरला नव्हता त्यांनी," ती म्हणाली. 'डावलणं' या शब्दात 'डावं' बसलेलं आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

बाबा एकसष्ट वर्षांचे. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये होते, डोंबिवली-ठाणे लोकलने एकतीस वर्षं जाऊन-येऊन निवृत्त झाले. गेल्या वर्षी जुलैमध्ये सकाळी उठले तेव्हा तोंड वाकडं आणि डावी बाजू लुळी होती. रात्री झोपताना ठीक होते. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेत झालेल्या स्ट्रोकमध्ये ते घड्याळ कुठून सुरू करायचं हेच कळत नाही. शिळफाट्याच्या पावसाळी ट्रॅफिकचं वर्णन मी करत नाही. या भागात राहणाऱ्यांना ते करायची गरज नाही आणि बाकीच्यांना खरं वाटणार नाही.

आपल्यासारखेच किती असतील, हा प्रश्न मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये पडला होता. २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल यांच्या गटाने मुंबईच्या एका भागात लोकांपर्यंत जाऊन स्ट्रोकची मोजणी केली होती. दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला स्ट्रोक, असा आकडा निघाला. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. नुसता ढोबळ गुणाकार केला तरी वर्षाला अठराशे जण होतात. म्हणजे दिवसाला पाच घरं.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट कल्याणच्या. माझ्याच वयाच्या, स्कूटीवरून यायच्या, बाबांना 'काका' आणि मला 'दादा' म्हणायच्या. मी त्यांना मॅडम म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांनी हात-पाय तपासले आणि मग आमच्याकडे असलेल्या वीजबिलाच्या पाठीवर एक गोल काढला. "काका, याचं घड्याळ करा." उजवा हात चांगला होता. बाबांनी १२ पासून सुरुवात केली आणि बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्या गोलात गर्दी करून बसवले, सकाळी ८.१० च्या डब्यात माणसं बसतात तसे. डावा अर्धा गोल कोरा. "झालं?" "झालं." मग त्यांनी एक आडवी रेघ ओढली आणि बरोब्बर मध्यावर खूण करायला सांगितलं. खूण उजवीकडे पार कडेला पडली. आई दारात उभी राहून बघत होती. मॅडम तिला म्हणाल्या, "काकू, हे मुद्दाम करत नाहीयेत."

याला 'नेग्लेक्ट' म्हणतात. मराठीत एकांगी दुर्लक्ष म्हणता येईल, पण 'दुर्लक्ष' म्हटलं की आपल्या भाषेत लगेच दोष येतो. डोळे ठीक असतात. स्ट्रोकमध्ये कधी कधी नजरेचा अर्धा भागही जातो, पण ती वेगळी गोष्ट. तसा माणूस ठेचकाळतो, धडकतो आणि काही दिवसांत मान वळवून बघायला शिकतो, कारण आपल्याला तिकडचं दिसत नाही हे त्याला ठाऊक असतं. नेग्लेक्टमध्ये 'तिकडे' असं काही शिल्लकच राहत नाही. नसलेल्या दिशेला मान कोण वळवणार? तुमच्या डोक्याच्या मागे आत्ता काय आहे ते तुम्हाला दिसत नाही, पण तिथे काळोख आहे असं काही तुम्हाला वाटत नाही. बाबांच्या डाव्या बाजूचं तसं झालं होतं, असं मी स्वतःपुरतं समजून घेतलं.

हे बहुतेक वेळा डाव्याच बाजूचं का होतं? मान्य असलेलं एक स्पष्टीकरण असं : मेंदूचा उजवा भाग जगाच्या दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो, डावा मुख्यतः उजवीवरच. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवा थोडंफार सांभाळून घेतो. उजव्याला झाली तर डाव्या बाजूचा राखणदार उरत नाही. माझ्या क्षेत्रातले लोक इथे लगेच सर्व्हर, बॅकअप, फेलओव्हर असं काहीतरी म्हणतील. मी ती उपमा महिनाभर वापरली आणि सोडून दिली. सर्व्हर पडला की अलर्ट येतो. इथे अलर्ट देणारी यंत्रणाच पडलेली असते.

बाबा पेपर वाचत. म्हणजे हातात धरत आणि वैतागत. 'महापालिका' हा शब्द ते 'पालिका' वाचत. 'कल्याण-डोंबिवली' नुसतं 'डोंबिवली' होई. ओळीचा अर्धा भाग गेल्यावर वाक्याला अर्थ उरत नसे आणि मग "हल्ली काहीही छापतात" असा शेरा. आकड्यांचं अधिक वाईट होतं. आपण मोठी रक्कम डावीकडून लिहितो. त्यांना पासबुकातले लाख दिसत नसत, हजार दिसत नसत, सुटे दिसत. आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवलेला माणूस स्वतःच्या खात्यात चारशे वीस रुपये उरलेत असं समजून रात्रभर जागा राहिला. सकाळी मला हळूच विचारलं, "तुला काही मदत लागली होती का रे? सांगायचंस."

मॅडमनी लाल चिकटपट्टी मागवली. पेपरच्या प्रत्येक रकान्याच्या डाव्या कडेला लाल पट्टी. नियम एकच : लाल दिसेपर्यंत डावीकडे जायचं, लाल दिसलं की वाचायला लागायचं. ही युक्ती जुनी आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लिओनार्ड डिलर आणि जोसेफ वाइनबर्ग यांनी अशा रुग्णांना नजर डावीकडे नेण्याचा पद्धतशीर सराव द्यायला सुरुवात केली, त्यातली. आमच्या घरात ती लाल पट्टी पुढे वॉकरच्या डाव्या पायाला, बाथरूमच्या चौकटीच्या डाव्या कडेला आणि ताटाखालच्या मॅटलाही लागली. पलंग फिरवला, त्यामुळे आता दार, टीव्ही आणि आईची खुर्ची डावीकडे आणि उजवीकडे नुसती भिंत. कपाट हलवलं. आई सुरुवातीला समोर बसायची, मग रोज थोडी थोडी डावीकडे सरकायची. बोलण्याआधी बाबांचा डावा खांदा किंवा हात धरायची. लुळा असला तरी त्या हाताला स्पर्श कळत होता.

हातापायाचा व्यायाम तर चालूच होता, पण तो पुढे का सरकत नाही याचं कारण या सगळ्यात होतं. मॅडमनी एकदा सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं आहे : फिजिओथेरपी म्हणजे शिकवणं असतं आणि शिकणाऱ्याला आपल्याला पाय आहे हेच ठाऊक नसेल तर त्याला चालायला कसं शिकवायचं? नातेवाईक रोज विचारतात, हात किती वर गेला? ताकद मोजता येते, डोळ्यांना दिसते, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकता येते. लक्ष किती डावीकडे गेलं, हे कोणी विचारत नाही.

हाताबद्दल विचारलं तर बाबा म्हणत, "ठीक आहे. जरा झोपलाय." टाळी वाजवायला सांगितली तर उजवा हात हवेत हलवून थांबत आणि वाजली म्हणत. स्वतःचं अपंगत्व न उमगण्याच्या या अवस्थेला जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच मेंदूतज्ज्ञाने १९१४ मध्ये नाव दिलं : अॅनोसोग्नोसिया. हे मन मारून केलेलं नाकारणं नव्हे, मेंदूतली इजा आहे. पण व्यायामाच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ होता. हात चांगला आहे असं ज्याला प्रामाणिकपणे वाटतं, त्याने त्याच हाताचा कंटाळवाणा व्यायाम दिवसातून तीनदा का करावा? वादात जिंकून काही होत नसे. मॅडम वाद घालतच नसत. "काका, ठीक आहे ना, मग त्या ठीक हाताने हा डबा जरा धरून ठेवा, मी झाकण काढते." डबा पडायचा. बाबा डब्याकडे बघायचे. त्या काही बोलायच्या नाहीत. असं तीन आठवडे. मग एक दिवस बाबा स्वतःच म्हणाले, "हा नाही धरू शकत." आईला त्या दिवशी रडू आलं. मॅडमना मात्र आनंद झाला होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

पहिल्या महिन्यातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट बसणं ही होती. पलंगाच्या कडेला बसवलं की बाबा चांगल्या उजव्या हाताने गादी रेटून स्वतःला डावीकडे, म्हणजे लुळ्या बाजूला, ढकलायचे. सरळ करायला गेलं की ओरडायचे, "पाडताय मला!" आई आणि मी दोघं मिळून सत्तर किलोंच्या माणसाशी झटापट करतोय आणि तो माणूस जिवाच्या भीतीने पडण्याच्याच दिशेने जोर लावतोय. पॅट्रिशिया डेव्हिस या फिजिओथेरपिस्टने १९८५ च्या 'स्टेप्स टू फॉलो' या पुस्तकात या वागण्याचं वर्णन केलं आणि 'पुशर' हा शब्द रूढ झाला. २००० साली जर्मनीत हान्स-ओटो कार्नाथ आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना कलणाऱ्या खुर्चीत बसवून पाहिलं. आजूबाजूचं काही दिसत नसताना, खुर्ची सुमारे १८ अंश कललेली असताना त्यांना आपण सरळ बसलोय असं वाटत होतं. कल नेमका कुठल्या बाजूला आणि का, यावर पुढच्या संशोधकांचे मतभेद आहेत. पण कामाची गोष्ट अशी की डोळे उघडे असताना भोवतालच्या वस्तू उभ्या आहेत की कललेल्या, हे त्याच रुग्णांना नीट ओळखता येत होतं. शरीराची साक्ष खोटी, डोळ्यांची खरी.

त्या वेळी आमच्या बिल्डिंगच्या प्लास्टरचं काम चालू होतं. मॅडमनी खाली जाऊन गवंड्याकडून ओळंबा मागून आणला आणि खिडकीच्या ग्रिलला बांधला. बाबांच्या समोर एक दोरी आणि तिला लटकलेला पितळी गोळा. "काका, ही दोरी सरळ आहे?" "आहे." "तुम्ही सरळ आहात?" "आहे." "मग नाक दोरीच्या रेघेत आणा." आम्ही त्यांना हात लावायचा नाही, अशी आम्हाला ताकीद. दोरीकडे बघत बाबा स्वतः, इंच इंच, उजवीकडे आले. चेहऱ्यावर पडतानाची भीती होती, पण दोरी खोटं बोलत नाही हे त्यांना मान्य होतं. गवंड्याचा ओळंबा आमच्याकडे दीड महिना राहिला. त्याने दुसरा आणला.

मी रात्री ऑफिसचे कॉल संपले की वाचत बसायचो. त्यात १९७८ चा मिलानमधला एक प्रयोग सापडला. एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुझ्झात्ती यांनी डाव्या बाजूचा नेग्लेक्ट असलेल्या दोन रुग्णांना शहरातला कॅथीड्रलसमोरचा चौक आठवायला सांगितला. आधी चौकाच्या एका टोकाला उभं राहून कॅथीड्रलकडे तोंड आहे अशी कल्पना करायची आणि काय काय दिसतं ते सांगायचं. त्यांनी उजव्या बाजूच्या इमारती सांगितल्या. मग कॅथीड्रलच्या पायऱ्यांवरून उलट दिशेला तोंड केल्याची कल्पना. आता आधी गाळलेल्या इमारती आल्या, कारण त्या उजवीकडे आल्या होत्या, आणि आधी सांगितलेल्या गेल्या. म्हणजे चौक स्मृतीत आख्खा होता. तिथवर पोहोचणारं लक्ष अर्धं होतं.

मिलानचा चौक बाबांनी पाहिलेला नाही. पण त्यांच्याजवळ त्याहून चांगलं काही होतं. स्लो लोकल बोगद्यात न शिरता मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून जाते. ठाण्याकडे जाताना तोंड गाडीच्या दिशेला असेल तर उजव्या हाताला खाडी आणि डाव्या हाताला डोंगर, वर मुंब्रादेवीचं देऊळ. एका संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, बाबा, सकाळची गाडी आहे, ठाण्याला चाललाय, दिवा गेलं, काय दिसतंय? ते खुशीत सुरू झाले. खाडी, भरतीला खारफुटीत शिरलेलं पाणी, रेतीचे पडाव, कळव्याच्या आधी वास येतो तो. डोंगराचं नाव नाही. देवळाचं नाव नाही, जिथे एकतीस वर्षं येता-जाता त्यांचा हात आपोआप छातीशी गेला. थोडा वेळ जाऊ दिला. मग म्हटलं, आता संध्याकाळ आहे, ठाण्याहून घरी चाललाय, कळवा गेलं. "डोंगर," ते लगेच म्हणाले. "पावसात धबधबे लागतात बारीक बारीक. देवीच्या पायऱ्या दिसतात." आणि हात छातीशी गेला. खाडी मात्र आटली होती.

माझ्या अंगावर काटा आला, हे खरं. आईला मी ते सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी आहे त्यांच्यात. नुसती डावीकडे बसले होते." नेग्लेक्ट असलेल्या प्रत्येकाची आठवण अशी अर्धी होत नाही, हेही लिहिलं पाहिजे, पुष्कळांना समोरचं चुकतं आणि आठवणीतलं शाबूत असतं.

आणखी एक प्रयोग माझ्या मनातून जात नाही. १९८८ मध्ये जॉन मार्शल आणि पीटर हॅलिगन यांनी एका बाईंना घराची दोन चित्रं दाखवली. दोन्ही सारखी, फक्त एका घराच्या डाव्या बाजूतून आगीच्या ज्वाळा निघताहेत. बाई म्हणाल्या, दोन्ही सारखीच आहेत. यातल्या कुठल्या घरात राहायला आवडेल, या प्रश्नात त्यांना काही अर्थ वाटला नाही. तरीही निवड करायला लावल्यावर बहुतेक वेळा त्यांनी न जळणारं घर निवडलं. आग कुठेतरी पोहोचत होती, फक्त बाईंपर्यंत पोहोचत नव्हती. बाबा कधी कधी आईच्या प्रश्नाचं उत्तर मलाच उद्देशून देत. ऐकू गेलेलं असे, फक्त ते कोणी विचारलं याचा पत्ता लागत नसे.

मॅडमनी तिसऱ्या महिन्यात आम्हाला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जायला सांगितलं. आमच्या गल्लीत फिजिओथेरपीच्या तीन पाट्या आहेत. ऑक्युपेशनल थेरपीची एकही नाही आणि माझ्या मित्रांपैकी निम्म्यांना ते ऑफिसात पाठ दुखली की घ्यायचं काहीतरी वाटतं. खरं तर त्याचा अर्थ रोजची कामं परत शिकवणं : शर्ट घालणं, चहा करणं, पैसे मोजणं. हे शास्त्र भारतात आलं ते आपल्याच भागात. मूळच्या अमेरिकन आणि निंबकरांच्या घरात लग्न होऊन आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपी स्कूल सुरू केलं आणि १९५२ मध्ये या थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. सत्तरहून जास्त वर्षं झाली. दादर-परळपासून डोंबिवलीपर्यंत गाडीला तासाच्या आसपास लागतो.

ठाण्याच्या त्या सेंटरवर बाबांसारखे आणखी लोक भेटले. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांची उजवी बाजू गेलेली. त्यांच्या हातात कंगवा दिला की तो काय आहे हे त्यांना कळे, पण विंचरायला सांगितलं की तो तोंडाकडे जाई. स्नायूंत जोर होता, हेतूही होता, मधली कृतीची चाल हरवली होती. याला अॅप्रॅक्सिया म्हणतात आणि तो डाव्या मेंदूच्या इजेत जास्त दिसतो. त्यांचा मुलगा 'आई, नीट कर ना' म्हणत असे. थेरपिस्ट नुसता त्यांचा हात धरून केसांपर्यंत नेत, न बोलता. कमी शब्द, ही मी तिथे शिकलेली मोठी गोष्ट. आपल्याकडे रुग्ण दोन पावलं टाकू लागला की चार जण चार बाजूंनी सूचना देतात. पाऊल टाकणं हेच ज्याचं पूर्ण लक्ष खातंय, त्याच्याकडे त्या ऐकायला काही उरत नाही.

तिथेच 'डावा हात डावीकडेच हलवा' हे मिळालं. इयन रॉबर्टसन यांनी १९९० च्या दशकात दाखवलं होतं की लुळा हात थोडासा, तोही शरीराच्या डाव्या बाजूच्या जागेत हलवला तरी लक्ष तिकडे ओढलं जातं. बाबांची बोटं तेव्हा जेमतेम हलत होती. त्या बोटांखाली आईने स्टीलची वाटी उपडी ठेवली. वाजवा. दिवसभर घरात टक, टक. प्रिझमचे चष्मेही असतात. यव्ह रोसेत्ती यांनी १९९८ मध्ये दाखवलं की जग उजवीकडे सरकवणारा चष्मा घालून थोडा वेळ बोटाने नेम धरायचा सराव केला आणि चष्मा काढला, की नेम आणि लक्ष काही काळ डावीकडे सरकतं. रोजच्या जगण्यात तो फायदा किती टिकतो यावर अजून एकमत नाही. आम्ही वाटीवर भागवलं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. बाबांनी फोन हातात घेतला तेव्हा त्यांची तक्रार होती की व्हॉट्सअॅपवर कोणी त्यांना उत्तरच देत नाही. विचार करा : समोरच्याचे मेसेज डावीकडे येतात, आपले उजवीकडे. त्यांना फक्त स्वतःचेच मेसेज दिसत होते, एकाखाली एक, अनुत्तरित. बहिणीला सात वेळा 'कशी आहेस' विचारलेलं. मागे जायचा बाण डावीकडे वर, मेन्यू डावीकडे. आपण स्क्रीन बनवतो तेव्हा कोपरे गृहीत धरतो. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये उर्दू-अरबीसाठी सगळी मांडणी उजवीकडून डावीकडे करायची एक सोय असते. मी ती चालू केली. सगळं आरशातल्यासारखं उलटं झालं आणि आत्याची सात उत्तरं बाबांना एकदम दिसली. ते हसले. दुसऱ्या दिवशी नवी तक्रार : "मी पाठवलेलं गेलं की नाही ते कळत नाही."

मॅडमना ते पटलं नाही. "दादा, फोन उलटा केलात, रस्ता उलटा कराल का?" त्यांचं म्हणणं, सगळं उजवीकडे आणून दिलं तर डावीकडे जायची गरज काय उरली? ते बरोबर आहे. पण आत्याशी बोलणं हा व्यायाम नव्हता, ते बोलणं होतं. मी ती सोय चार महिने ठेवली आणि सकाळच्या सरावाला लाल पट्टीवाला पेपर ठेवला. माणूस बरा होण्याआधी एकटा पडू नये, असं मला अजून वाटतं. नेग्लेक्ट पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ ओसरतो. बाबांचाही ओसरला. फोन आता सुलटा आहे. ताटातली चटणी त्यांना मिळते, दमलेले असले की नाही.

रस्त्याचं मात्र अजून ठरलेलं नाही. बाबा काठी घेऊन चालतात, जिना उतरतात आणि त्यांना एकट्याने बाहेर जायचंय. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. त्यामुळे फुटपाथवरून उतरलं की पहिल्या अर्ध्या रस्त्यात गाड्या उजवीकडून येतात. तो अर्धा बाबा आपल्या सगळ्यांपेक्षा चांगला ओलांडतील. मधोमध पोहोचल्यावर गाड्या डावीकडून यायला लागतात. मोकळ्या रस्त्यावर त्यांची मान वळते. पण रिक्षांचे हॉर्न, भाजीवाला, कोणी ओळखीचा हाक मारतोय, अशा गर्दीत उजवीकडे काही असलं की डावं पुसलं जातं. दोन्ही बाजूंनी एकदम काही आलं तर उजवं जिंकतं, हे तपासणीत आजही दिसतं : मॅडम दोन्ही हातांची बोटं एकाच वेळी हलवतात आणि बाबा म्हणतात, "उजवं हललं."

बाबांनी आयुष्यात कोणाची परवानगी मागितलेली नाही. आता ते मला विचारतात आणि मी अठ्ठावीस वर्षांचा, त्यांना हो किंवा नाही म्हणायचं असतं. सध्या आमच्या बाजूच्या फुटपाथवरच्या दुकानापर्यंत, रस्ता न ओलांडता, दूध आणण्याचं ठरलंय. ते हिशेब वहीत लिहितात, डाव्या कडेला स्वतःच आखलेल्या लाल रेघेपासून सुरुवात करून. आई गॅलरीतून बघते आणि बघत नाही असं दाखवते.

पुढच्या महिन्यात त्यांच्या ऑफिसच्या जुन्या लोकांनी ठाण्याला जमायचं ठरवलंय. दुपारची स्लो लोकल, मी बरोबर. बाबांना उजवी खिडकी हवी आहे, खाडीची. मॅडम म्हणतात, डावीत बसवा. यावर घरात आठवडाभर चर्चा चालू आहे आणि आईने अजून कोणाचीच बाजू घेतलेली नाही.